पेटी नव्हे हो, रांजण!

आज पुन्हा तेच. अग्रलेखात, कुठल्याशा चौकशीवरून: ‘पँडोराची पेटी उघडली.’ अहो, पेटी आणली कुठून? ग्रीक कवी हेसिअडने इ.स.पू. 700च्या सुमारास ही गोष्ट सांगितली: पँडोरा नावाच्या बाईने झाकण उघडलं, सगळी संकटं जगात सुटली, आत उरली फक्त आशा. त्यात शब्द आहे ‘पिथोस’. म्हणजे चक्क रांजण! धान्य, तेल, वाइन साठवायचा. ग्रीसच्या क्रीट बेटावर क्नोसोसच्या प्राचीन राजवाड्यात अजून उभे आहेत. काही तर माणसाएवढे उंच, अंगावर दोरखंडासारखे नक्षीचे पट्टे, उचलायला ओळीने कान. सोळाव्या शतकात डच विद्वान इरॅस्मसने लॅटिनमध्ये त्याची ‘पिक्सिस’, म्हणजे डबी केली आणि तेव्हापासून सगळं जग ती डबी काखेत मारून फिरतंय. इंग्रजांचं सोडा, आपल्याकडे तर शब्द आयता होता! ‘पँडोराचा रांजण’ म्हणायला जीभ झडते का? शिवाय आशा आत अडकली ती रांजणाच्या काठाखाली. पेटीला कुठला आलाय काठ? मित्राला हे सांगितलं, तर म्हणतो, ‘भावना पोहोचल्या ना?’ हाच गृहस्थ झ्यूस, हीरा, अथीना अशा ग्रीक देवांच्या पंगतीत रोमन हर्क्युलस नेऊन बसवतो. हेराक्लीस रे बाबा, हेराक्लीस!