महिला मंडळाचं खातं वेगळंच हवं

गेल्या रविवारी पुण्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला. तिच्या मेथडिस्ट मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिला मंडळाच्या पैशांवरून वाद पेटलाय. लोणची-पापड विकून, नाताळच्या फराळाच्या ऑर्डरी घेऊन बायकांनी मुलींच्या वसतिगृहासाठी रक्कम जमवली. आता चर्चची फरशी बदलायला पैसे कमी पडताहेत, आणि कमिटी म्हणते, "मंडळी एक, तर खातंही एकच." बहिणीनं विचारलं, "ताई, तुमच्याकडे कसं असतं?"

मी अमेरिकेत, ओहायोत राहते. इथल्या चर्चमधल्या महिला गटाची सहा वर्षं खजिनदार आहे. या संघटनेचं नाव 2022 पासून 'युनायटेड विमेन इन फेथ'. त्याआधी 'युनायटेड मेथडिस्ट विमेन' होतं. आम्ही महिन्यातून एकदा जमतो. प्रार्थना, एखाद्या पुस्तकावर चर्चा, मग हिशेब. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक जण आपल्या ऐपतीप्रमाणे देणगीचा आकडा ठरवते. ते पैसे मी चर्चच्या खजिनदाराकडे देत नाही. ते जिल्ह्याच्या महिला खजिनदाराकडे जातात, तिथून कॉन्फरन्सकडे, म्हणजे अनेक जिल्ह्यांच्या चर्चच्या विभागाकडे, आणि मग न्यूयॉर्कच्या राष्ट्रीय कार्यालयात. चर्चचं छप्पर गळत असलं तरी वाट बदलत नाही. छपरासाठी आम्ही वेगळी वर्गणी देतो, कमिटीतही बसतो.

ही वाट फुकट मिळालेली नाही. 1869 च्या मार्चमध्ये बॉस्टनच्या ट्रेमाँट स्ट्रीट चर्चमध्ये भर पावसात जेमतेम आठ बायका जमल्या. भारतातून परतलेल्या दोन मिशनरींच्या पत्नी तिथं सांगत होत्या की भारतातल्या बायका पुरुष डॉक्टरपुढे जात नाहीत आणि मुलींना शाळा नाहीत. त्यातून बायकांची मिशनरी सोसायटी उभी राहिली. बायकांनी पैसे गोळा करावेत आणि खर्च आम्ही ठरवू, अशी पुरुषांच्या मिशन बोर्डाची इच्छा होती. बायकांनी ते मान्य केलं नाही. मग चर्चच्या उपासनेत वर्गणी गोळा करण्याचीही त्यांना मुभा राहिली नाही, म्हणून घरोघरी आठवड्याला दोन सेंट मागून त्यांनी पैसा उभा केला. पैसे अपुरे पडतील अशी भीती निघाली तेव्हा एकीनं सांगितलं की आपण साध्या छिटाच्या कपड्यांत बॉस्टनच्या रस्त्यांवर फिरू, पण भारतात मिशनरी पाठवूच. त्याच वर्षी इझाबेला थोबर्न आणि डॉ. क्लारा स्वेन या दोघी मिशनरी भारताकडे निघाल्या. स्वेनबाईंनी बरेलीत 1874 मध्ये बायकांचं रुग्णालय उघडलं. थोबर्नबाईंच्या नावाचं कॉलेज लखनौत आजही आहे.

आपल्या महाराष्ट्रापर्यंतही हा धागा येतो. याच सोसायटीतर्फे 1887 मध्ये मुंबईत आलेल्या मिनी एब्रम्स पुढे केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जाऊन राहिल्या.

अमेरिकेचं सगळं सरस, असं माझं म्हणणं नाही. आमच्या गटात साठीच्या आतल्या मोजून तिघी. कुणी आजारी पडलं तर कार्ड आणि डबा जातो, रात्र जागायला कुणी जात नाही. पुण्यात कुसुममावशी दवाखान्यात होत्या तेव्हा मंडळातल्या बायकांनी पाळ्या लावून अकरा रात्री काढल्या होत्या, आणि पहाटे त्यांच्या उशाशी बसून रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं म्हटली होती. ते मला इथं कुठं सापडलं नाही.

पण खात्याच्या बाबतीत बहिणीनं मागे हटू नये, असं मला मनापासून वाटतं. कमिटीच्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे: वेगळं खातं म्हणजे लपवलेलं खातं असू नये. आमची वही दरवर्षी तपासली जाते आणि कुणीही ती बघू शकतं. तेवढं तिनं आपणहून कबूल करावं. मात्र पैसा कशावर खर्च व्हावा हे तो गोळा करणाऱ्यांनीच ठरवावं, कारण एकदा फरशीला गेला की पुढच्या वर्षी रंगाला जाईल, त्यापुढच्या वर्षी स्पीकरला. वसतिगृहातल्या मुली कमिटीच्या बैठकीला येत नाहीत. त्यांच्या बाजूनं बोलणाऱ्या त्याच बायका आहेत.

तिची बैठक पंधरा तारखेला आहे. मी सांगितलं, जमाखर्चाची वही घेऊन जा आणि पापड लाटायला बसलेल्या प्रत्येकीचं नाव वाचून दाखव. ती म्हणाली, "ताई, सत्तावीस जणी आहेत." म्हटलं, सत्तावीस वाच.