म्हणे, दमट हवा ऑर्किडला मानवते!

"तुमच्याकडे तर दमट हवा, मग ऑर्किड काय, आपोआप वाढतील!" असं म्हणणाऱ्याला एका उकाड्याच्या रात्री स्लिपर ऑर्किडचे सडलेले पोंगे हुंगायला बसवलं पाहिजे. पाणचट, तपकिरी आणि नाकातले केस जाळणारा तो वास. मधलं पान हलक्या हाताने ओढलं की बुडापासून निसटून हातात येतं. संध्याकाळी ठणठणीत दिसणारं झाड दोन दिवसांत असं संपतं, आणि वर सल्ला मिळतो, "आर्द्रता कमी पडली असेल, स्प्रे मारा."

डोंबल! हवेत आधीच ८५ टक्के दमटपणा असताना स्प्रे कशाला? पॅफिओपेडिलमची, म्हणजे घरोघरी कुंडीत लावतात त्या स्लिपर ऑर्किडची, पानं पंख्यासारखी एकमेकांना चिकटून असतात, त्यांच्या बेचक्यात पडलेलं पाणी उतरून जायला जागाच नसते. रात्री २८ अंशांच्या खाली पारा उतरत नाही, वारा पडलेला, पोंग्यात पाणी. बॅक्टेरियाच्या सडीला याहून जास्त काय हवं? त्यात आर्द्रतेसाठी खड्यांचा ट्रे पाण्याने भरून कुंडीखाली ठेवायचं ते खूळ! तो ट्रे कोरड्या, हीटर लावलेल्या घरांसाठी आहे. इथे त्यात फक्त डास होतात. आणि "कूलर लावा" म्हणणाऱ्यांना तर कोपरापासून नमस्कार. पाण्याची वाफ होते म्हणून कूलर गार करतो. हवा आधीच वाफेने भरलेली असेल तर तो काय कपाळ गार करणार?

आर्द्रता भरपूर असते हो, नसतो तो वारा. छोटा पंखा चोवीस तास चालू हवा, थेट झाडावर नको, पानं जेमतेम हलतील इतपत. पाणी सकाळी, कुंडीच्या काठाने घालायचं. पोंग्यात गेलंच तर टिश्यू पेपरची सुरळी करून टिपून घ्यायचं. सूर्य मावळताना बेचका कोरडा असलाच पाहिजे. एवढं साधं काम, पण लेबलवर काय लिहितात? "नेहमी ओलसर ठेवा." बस्स!

ओलसर म्हणजे किती, हे कोण सांगणार? या झाडाला पाणी साठवायला कंद नसतो, म्हणून ते पार सुकवून चालत नाही, हे खरं. पण म्हणून स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारं शेवाळ, ठासून भरायचं नसतं! उकाड्यात ते काही महिन्यांत चिखल होतं आणि मुळं गुदमरतात. पाइनच्या सालीचे ५ ते १० मिलिमीटरचे तुकडे चार भाग, परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) एक भाग, लाकडी कोळसा एक भाग, आणि कुंडी मुळांच्या मापाची, ७-८ सेंटिमीटरची. मोठी कुंडी म्हणजे मधोमध कायम ओला गोळा. थंड प्रदेशात साल दोन वर्षं टिकते, गरम हवेत वर्षभरात भुसा होते, तेव्हा रिपॉटिंग, म्हणजे कुंडीतलं मिश्रण बदलणं, दरवर्षी. बूड या मिश्रणाच्या पातळीत किंवा फार तर एक सेंटिमीटर खाली. वर राहिलं तर नवी मुळं हवेतच सुकतात, खोल गेलं तर बूड सडतं.

रिपॉटिंग करताना अजून एक संताप. या ऑर्किडची निरोगी मुळं तपकिरी आणि लवदार असतात. फॅलेनॉप्सिसची (दुकानात सर्रास मिळणाऱ्या ऑर्किडची) पांढरी मुळं पाहिलेले वीर ती "मेली" म्हणून कात्रीने साफ करून टाकतात! अहो, आधी दाबून तरी बघा. टणक असेल तर जिवंत. पोकळ सालपट आणि आत नुसता दोरा असेल तर मेलेलं. मुळं आधीच मोजकी असतात. आणि दालचिनीची पूड कापलेल्या पानावर ठीक, पण मुळांवर नको, ती मुळंही सुकवते.

सड दिसली तर ब्लेड ज्योतीवर तापवून, गार करून, सडीपासून दीड-दोन सेंटिमीटर पलीकडच्या हिरव्या भागातून कापायचं, झाड इतरांपासून लांब, पाणी कमी. पोंगा गेला तर तो फुटवा परत येत नाही, पण बूड टणक असेल तर बाजूने नवा येऊ शकतो. लगेच फेकू नका.

खताचंही तसंच. पाकिटावरच्या मात्रेच्या चौथ्या हिश्शाच्या वर जायचं नाही, आणि महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी धुऊन काढायची. टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) २०० पीपीएमच्या वर गेलेलं पाणी घालून मग पानांची टोकं का जळतात म्हणून विचारू नका.

पण सगळ्यात मोठी फसवणूक नावाची आहे. नुसतं "स्लिपर ऑर्किड" लिहून विकतात! त्यातल्याच सिप्रिपेडियम या दुसऱ्या जातकुळीला हिवाळ्याची खरी थंडी लागते, गरम हवेत त्याचा विषयच संपला. मेघालयाच्या डोंगरातलं पॅफिओपेडिलम इन्सिग्ने गार रात्रींशिवाय पानं वाढवत बसतं, फूल देत नाही. दिवसभर बनवलेली साखर उष्ण रात्री श्वसनातच जळून जाते, ते वेगळंच. उकाड्याला टिकतात ती पॅफिओपेडिलमं म्हणजे मॉडिए गटातली संकरित, कॅलोसम, निव्हियम, कॉन्कलर, फिलिपिनेन्स. "चट्ट्यांची पानं म्हणजे गरम हवेचं" हा नियमही धड नाही: चट्टेवालं बेलाट्युलम उंचावरचं, तर साध्या हिरव्या पानांचं एक्झुल समुद्रकाठच्या चुनखडीवरचं. नाव कळल्याशिवाय यातलं काय ओळखणार? आणि विचारलं की उत्तर येतं, "सगळे सारखेच असतात, पाणी घाला फक्त."