कासला मुक्कामाला निघालात? मग एवढं कराच

हॉटेलांचा कंटाळा आला म्हणून यंदा साताऱ्याच्या वर, कास-बामणोलीच्या अंगाला घरगुती मुक्काम ठरवलात, उत्तम केलंत. चार खोल्या, पुढे पडवी, मागे गोठा. मालक वाशी मार्केटात उभी हयात माथाडी करून गावी परतलेले, स्वयंपाक त्यांच्या मंडळींचा. आता पाहुणा ही काय चीज असते, हे अशा माणसांना कळायला हवं की नको?

सुरुवात फोनपासून. एसी आहे का, ते आधी विचारा. सप्टेंबरात तिथे संध्याकाळचं धुकं दारातून आत येतं, रात्री दोन रग पुरत नाहीत. पण विचारायला काय जातं? मालकांना मामा म्हणा आणि त्यांच्या मंडळींना मावशी. नातं जुळत नाही, पण भाव पाडायला दोन्ही चालतात. सहा जण सांगून नऊ जण जा. दोन लहानच आहेत आणि सासूबाई तर काही खातच नाहीत. सातला पोचतो म्हणा आणि साडेनऊला पोचा. यवतेश्वरच्या घाटात फोटो काढायचे असतात, वर रेंज नसते, तेव्हा कळवायचा प्रश्नच येत नाही.

जेवणाचं मात्र नीट समजून घ्या. गावरान कोंबडी आदल्या दिवशी सांगा, असं मामा फोनवर दोनदा बजावतात. तुम्ही ती पोचल्यावर, हातपाय धुऊन झाल्यावर सांगा. ही कोंबडी बॉयलरसारखी अर्ध्या तासात शिजत नाही, चुलीवर चांगला दीड-दोन तास खाते. तेवढ्या वेळात ‘अजून किती?’ असं दर दहा मिनिटांनी ओरडता येतं. ताटात आली की पहिल्याच घासाला म्हणा, ‘जरा चिवटच आहे.’ रस्सा तिखट लागला की पोरांसाठी मॅगी टाकायला सांगा. वाटीत वाघ्या घेवडा आला तर ‘हा राजमा ना? पंजाबी करत नाही का तुम्ही?’ असं जरूर विचारा. साताऱ्याच्या या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे म्हणतात, असेल.

मावशी चुलीपुढे बसून नाचणीची भाकरी थापतात, तव्यावरून काढून निखाऱ्याला लावतात, ती टम्म फुगते आणि वाफेसकट तुमच्या ताटात पडते. नेमका तोच क्षण फोटोचा. चुलीचा काढा, भाकरीचा काढा, पिठाच्या हातांचा काढा. फोटो मनासारखा येईपर्यंत भाकरीची वाकळ होते, मग दुसरी गरम मागा. ‘चपाती नाही का?’ हे तिसऱ्या भाकरीनंतर विचारायचं, आधी नाही.

रात्री गोठ्याचा वास येईल. धारोष्ण दूध हवंच, म्हैस तेवढी लांब बांधायला सांगा. पहाटे कोंबडा आरवला की मामांना उठवून तो बंद करायला लावा. (त्याचा भाऊ कालच चिवट म्हणून ताटात टाकलात, ते असो.)

सकाळी पठार. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासही युनेस्कोच्या यादीत गेलं. फुलांच्या दिवसांत तिथे आधी ऑनलाइन बुकिंग करावं लागतं, म्हणजे ते तुम्ही केलेलं नसणार. ‘मामा, तुमच्या ओळखीनं सोडवा की!’ आत गेलात की सीतेची आसवं शोधत बसू नका. ती इवलीशी निळी-जांभळी फुलं वाकल्याशिवाय दिसत नाहीत. जवळच दवबिंदू नावाचं रोपटं चिकट केसांनी किडे पकडून खात असतं, तेही राहू द्या. सरळ मधोमध आडवे व्हा आणि फोटो घ्या. मे महिन्यात गेला असाल तर फुलं कुठे आहेत, याचा जाब मामांना विचारा.

मग हिशोब. येताना खेड-शिवापूरला आणि आनेवाडीला फास्टॅगमधून पैसे कापले गेले, तेव्हा तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. तो राग इथे काढा. नऊ माणसांमागे दोनशे तरी सुटलेच पाहिजेत. सासूबाईंचं ताट वजा करायला सांगा. त्यांनी चार भाकऱ्या खाल्ल्या, पण जेवल्या नाहीत.

गाडीत बसताना मावशी वाटेत खायला म्हणून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून देतील. हातात घ्यायच्या आधी बिल पुन्हा उघडून बघा. तिचे पैसे लावलेले नसतील, तर ड्रायव्हरसाठी आणखी एक बांधायला सांगा.