परिक्रमेला जा, पण आपलं पांघरूण आपण न्या

देवउठनी एकादशी झाली, चातुर्मास संपला की आमच्या नागपुरातून नर्मदा परिक्रमेला निघणाऱ्यांचे फोन सुरू होतात. बूट कोणते घेऊ, मोबाईल कुठे चार्ज होईल, रोज किती चालायचं. थंडीचं काय करणार विचारलं की उत्तर ठरलेलं, "मैया देते ना सगळं!"

देते. मीपण टप्प्याटप्प्यानं तिच्या काठानं चाललोय, कधी उपाशी झोपलो नाही. पण ती कोणाच्या हातून देते ते जरा बघा ना!

आपल्याला वाटतं थंडी काय, नागपुरातही पारा दहाच्या खाली जातोच. पण तेव्हा आपण पक्क्या घरात, दारं-खिडक्या लावून असतो. मंडला-डिंडोरीकडे डिसेंबर-जानेवारीत नदीकाठी धुकं, आसन म्हणजे अंथरूण ओसरीवर नाहीतर धर्मशाळेच्या फरशीवर, खालून गारठा वर चढत राहतो, अन् अमरकंटक तर हजार मीटरच्याही वर. ज्या घरी आपण थांबतो तिथं कांबळी मोजकीच असतात, त्यातली दोन आपल्याला दिली की त्यांची लेकरं एका गोधडीत दाटीवाटीनं झोपतात, आणि तोंडातून एक शब्द निघत नाही, उलट सकाळी विचारतात, बाबाजी, ठंड तो नहीं लगी? मी हे डोळ्यांनी पाह्यलंय आणि तेव्हापासून हा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही.

त्यात हे रब्बीचे दिवस. घरचा माणूस गव्हाला पाणी द्यायला शेतात, आणि बाई चुलीपुढे बसून आठ-दहा परिक्रमावासींसाठी टिक्कड, म्हणजे जाड रोट्या, भाजून राहिली. शूलपाणीच्या झाडीत, म्हणजे नर्मदाकाठच्या डोंगराळ जंगलात, पूर्वी परिक्रमावासींना अंगावरच्या कपड्यासकट लुटायचे, आज तिथलेच आदिवासी पाडे जेवू घालतात. आणि हे कोण लोक? ज्यांची गावं, जमिनी सरदार सरोवराच्या पाण्यात गेल्या, जुनं शूलपाणेश्वराचं मंदिरही बुडालं. त्यांच्या दारात 'नर्मदे हर' म्हणत उभं राहायचं आणि वर आंघोळीला गरम पाणी मागायचं, हे मला पटत नाही. थंडी सोसत नसेल तर ऊन वर आल्यावर नदीत स्नान करा की, मैया कुठे पळून जाते! वयस्कर माणसांनी, बीपीवाल्यांनी तर अंधारात पाण्यात उतरूच नये.

दुसरं म्हणजे घाई. नदी 1312 किलोमीटर, दोन्ही काठ मिळून 2600 च्या वर, शिवाय बरगी, इंदिरा सागर धरणांच्या पाण्यात काठाची जुनी वाट गेली म्हणून वळसे वेगळे. जुनी रीत 3 वर्षं 3 महिने 13 दिवसांची, आता लोक तीन-चार महिन्यांत उरकतात. नोकरी, घर सांभाळून जायचं म्हटलं की तेवढंच जमतं, कबूल. पण सूर्यास्तानंतर चालायचं नाही हा नियम आहे आणि डिसेंबरात जबलपूरकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडतो. रोज पस्तीस किलोमीटरचा हिशोब धरून निघालेला माणूस हमखास अंधार पडल्यावर कोणाच्यातरी दारात पोचतो, तोवर तिथली चूल विझलेली असते, ती पुन्हा पेटवावी लागते. वीस चाला, उजेडी पोचा, आणि सदाव्रतात, म्हणजे फुकट शिधा देतात तिथं, पीठ-डाळ मिळाली तर स्वतः शिजवा.

स्लीपिंग बॅग, खाली अंथरायला प्लॅस्टिक, कानटोपी, लोकरीचे मोजे, बस. सगळं ओझं सात-आठ किलोत बसवा आणि तेवढं पाठीवर घेऊन आधी नागपूर ते रामटेक चालून बघा, पन्नासेक किलोमीटर आहे, दोन दिवस घ्या. खांदे काय म्हणतात ते तिथंच कळेल आणि पिशवीतलं निम्मं सामान आपोआप घरी राहील.

आम्ही काही जण यंदा डिसेंबरच्या सुरुवातीला गाडीनं सिवनीवरून मंडल्याकडे ब्लँकेट घेऊन चाललो आहोत, काठावरच्या छोट्या आश्रमांत आणि परिक्रमावासींना उतरवून घेणाऱ्या घरांत द्यायला. नागपुरात कुठूनही येऊन घेऊन जाऊ, फक्त जाड द्या, धुतलेली द्या. फाटकी नकोत, ती कोणाच्या अंगावर टाकायची आपलीच छाती होत नाही.