"गाणी लॉक करून विकतात" या 1 स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार, हे दुकान मी चालवतो म्हणून उत्तरही मीच लिहितोय. तुम्ही लिहिलंय की आमच्याकडून दोन अल्बम घेतले, कॉम्प्युटरवर सगळं मस्त वाजतं, पण हातातल्या प्लेअरमध्ये टाकल्यावर 22 पैकी 13च गाणी वाजतात, त्यांचाही क्रम उलटसुलट, नावांच्या जागी चौकोन, एक गाणं तर अर्ध्यातच तुटतं, आणि सपोर्टला विचारलं तर चार दिवसांनी "प्लेअरचा प्रॉब्लेम आहे" एवढं एका ओळीचं उत्तर. ते उत्तर चुकीचंच होतं. कोणी नीट बघितलंच नव्हतं, त्याबद्दल मनापासून सॉरी.

आधी लॉकचं सांगतो, कारण तो आरोप मला सगळ्यात जास्त लागला. आमच्या एकाही फाइलला लॉक नाही आणि कधी नव्हतं. तुमचा संशय हवेतला नाही हेही मान्य, कारण एक काळ विकतची गाणी खरंच तशी यायची. 2003 ला ॲपलचं गाणी विकणारं आयट्यून्स स्टोअर सुरू झालं तेव्हा गाण्यांवर फेअरप्ले नावाचं लॉक असायचं, दुसऱ्या कंपनीच्या प्लेअरमध्ये ती वाजायचीच नाहीत, 2009 मध्ये ते निघालं. आजही स्ट्रीमिंग ॲपमध्ये "डाउनलोड" केलेलं गाणं त्या ॲपच्या बाहेर चालत नाही. पण आमच्याकडून घेतलेली फाइल तुमची आहे, घरातल्या दहा डिव्हाइसवर टाका, आम्हाला कळणारही नाही.

मग 13च का? तुमची ऑर्डर उघडली आणि लगेच लक्षात आलं. 13 गाण्यांचा अल्बम एमपीथ्रीमध्ये गेलाय आणि 9 गाण्यांचा 24 बिट, 96 किलोहर्ट्झच्या फ्लॅकमध्ये (फ्लॅक म्हणजे आवाजातलं काहीच न गाळणारा, मोठ्या फाइलचा प्रकार, आणि हे आकडे म्हणजे रेकॉर्डिंग किती बारीक आहे त्याचं माप). म्हणजे न वाजणारी 9 गाणी अख्खा तो दुसरा अल्बम आहे. कॉम्प्युटर काहीही वाजवतो हो, पण बऱ्याच छोट्या प्लेअरना फ्लॅक झेपत नाही, ज्यांना झेपतं त्यातलेही काही 48 किलोहर्ट्झच्या पुढे जात नाहीत. साइझही बघा, 5 मिनिटांचं गाणं 320 केबीपीएसच्या (म्हणजे सगळ्यात चांगल्या क्वालिटीच्या) एमपीथ्रीमध्ये 12 एमबी होतं, तेच या फ्लॅकमध्ये 100 एमबीच्या आसपास जातं. आणि हे फ्लॅक तुम्ही निवडलं नव्हतं, आमच्या पेजवरच तो ऑप्शन आधीपासून टिक केलेला असायचा, तो आज सकाळी काढला. आता आधी विचारतो, गाणी कशावर ऐकणार.

क्रमाचा घोळही आमचाच. माझ्या टेबलाच्या खणात एक जुना बटणांचा प्लेअर आहे, त्यात तुमचा तो 13 गाण्यांचा अल्बम टाकून बघितला, पहिलं गाणं संपलं आणि स्क्रीनवर डायरेक्ट 10 नंबरचं आलं, मग 11, 12, 13 आणि त्यानंतर 2. फाइलच्या नावात आम्ही 1, 2, 3 असं लिहिलं होतं, कॉम्प्युटर ते शहाणपणाने लावून दाखवतो म्हणून इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही, पण असा प्लेअर अक्षर-अक्षर बघतो, त्याच्यासाठी 10 हे 2 च्या आधी. आता 01, 02 असं केलंय.

चौकोनांचं थोडं वेगळं आहे. गाण्याचं नाव फाइलच्या आत टॅगमध्ये असतं, आम्ही टॅगचं 2.4 व्हर्जन वापरायचो आणि बरेच जुने प्लेअर 2.3 पर्यंतच नीट वाचतात, म्हणून आता 2.3 केलंय. पण प्लेअरमध्ये देवनागरी फॉन्टच नसेल तर चौकोन तरीही राहतील, खोटं आश्वासन देत नाही. तसं झालं तर सांगा, रोमन लिपीतल्या नावांचा सेट बनवून देतो.

तुटणारं गाणं मात्र आमच्या सर्व्हरवरून डाउनलोड करून शेवटपर्यंत ऐकलं, पूर्ण आहे. तुमच्या कॉम्प्युटरवरही पूर्ण वाजतंय म्हणजे कॉपी होताना अर्धवट राहिलंय. कॉपीची पट्टी पूर्ण भरली तरी कॉम्प्युटर मागे थोडा वेळ लिहीत असतो, आणि आपण तेवढ्यात केबल काढतो, मीही काढायचो. प्लेअरमधून ते गाणं डिलीट करा, परत कॉपी करा, इजेक्ट करा आणि मगच केबल ओढा.

एक विनंती, ती फ्लॅक फाइल टाकून देऊ नका, कॉम्प्युटरवर मूळ प्रत म्हणून ठेवा, प्लेअरमध्ये एमपीथ्री जाऊ दे. पुढेमागे चांगला प्लेअर घेतलात तर तीच कामाला येईल, एमपीथ्रीवरून परत फ्लॅक करून गेलेला आवाज परत येत नाही.

बाकी वाचणाऱ्यांसाठी, फोनवर टाकत असाल तर अँड्रॉइड फोन केबल लावल्यावर बहुतेक वेळा नुसता चार्ज होतो, नोटिफिकेशनमध्ये जाऊन फाइल ट्रान्सफर निवडावं लागतं, आणि तरीही काहीच दिसलं नाही तर केबल बदलून बघा, काही केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच. आयफोनच्या म्युझिक ॲपमध्ये फ्लॅक जात नाही, आमच्याकडून एएलएसी (फ्लॅकसारखाच ॲपलचा प्रकार) घ्या, आणि सिंक करताना "इरेझ अँड सिंक" विचारलं तर घाईत हो म्हणू नका, फोनमधली आधीची गाणी जातात.

तुमच्या अकाउंटमध्ये दोन्ही अल्बम एमपीथ्रीमध्ये, नवीन नावं आणि टॅगसकट टाकलेत, डाउनलोडची लिमिटही काढलीये. एवढं करूनही नको वाटत असेल तर पूर्ण पैसे परत करतो, फाइल तुमच्याकडेच राहू द्या, रिव्ह्यू बदलायचीही गरज नाही. ऑर्डरच्या मेलला फक्त "रिफंड" असा रिप्लाय करा, तो आता थेट माझ्याकडे येतो.