गाडी नटवा आणि ढकलत न्या

सोयाबीनचे पैसे हातात आले, पेट्रोल शंभरीच्या वर बसलेलं, म्हणून तुम्ही चार्जिंगची दुचाकी घेतली. अभिनंदन! हार घालून झाला, नारळ फुटलं, चाकाखाली लिंबू चिरडून झालं, शोरूमवाल्यानं पुठ्ठ्याची मोठी चावी हातात देऊन फोटोही काढला. पण भाऊ, एवढ्यावर थांबाल तर तुमच्यासारखे अडाणी तुम्हीच. कंपनीनं बनवली म्हणून गाडी पूर्ण झाली, असं कुठं असते? गाडी पूर्ण होते ती ॲक्सेसरीजनं. या विषयात अस्मादिकांनी नुकतंच रोख शिक्षण घेतलं आहे. तुम्हाला फुकटात देतो.

सगळ्यात आधी, काउंटरवर तोंड उघडायचं नाही. कोटेशनवर ‘ॲक्सेसरीज पॅक’ अशी एक ओळ असते आणि तिच्यापुढं एक गोलगरगरीत आकडा. त्यात काय काय येते हे विचारणं चांगल्या घरच्या माणसाला शोभत नाही. तरी विचारलंच, तर तिथली मॅडम गोड आवाजात सांगते: साडी गार्ड, मागच्यानं धरायचा दांडा, हेल्मेट, पायाखालची मॅट. आता केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123 वा नियम असा, की मागं माणूस बसायची सोय असेल तर धरायला मूठ, पाय ठेवायला आधार आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं आवरण असल्याशिवाय दुचाकी बनवायचीच नाही. आणि 138 वा नियम म्हणतो, गाडी विकत घेताना हेल्मेट गाडी बनवणाऱ्या कंपनीनंच पुरवायचं. म्हणजे मॅटचे सोडले तर बाकीचे पैसे तुम्ही गाडीतच असायला पाहिजे अशा वस्तूंसाठी दुसऱ्यांदा देता. देऊन टाका. लक्ष्मी चंचल असते.

सीट कव्हर जाड रेक्झिनचं घ्या, काळंच घ्या. मे महिन्यात दुपारी दोन वाजता त्यावर बसा. पुढचं सांगत नाही, घरच्या बायामाणसंही हे वाचतात.

बॉडी कव्हर घेतलं तर वांदरांसाठी घेतलं असं समजा.

मोबाइल होल्डर मात्र पाहिजेच. वावरात जायचा रस्ता आपल्याला नकाशात पाहिल्याशिवाय सापडत नाही ना! ॲपल कंपनीनं 2021 मध्येच सांगून ठेवलं आहे, की मोटरसायकलच्या हँडलची सततची थरथर फोनच्या कॅमेऱ्याला बिघडवू शकते. ते मोठ्या इंजिनांच्या गाड्यांबद्दल बोलत होते. बिचाऱ्यांनी आपली पांदण पाहिलेली नाही. त्यांचाच दुसरा सल्ला, फोन 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा. आपल्याकडं अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीत उन्हाळ्यात पारा 45 ओलांडतो; 35 अंश तर आपल्याला सकाळी दात घासताना भेटतात.

चोर अलार्म बसवा. मांजर चढलं की वाजतो, वीज कडाडली की वाजतो. गाडी चोरीला गेली तर वाजतो की नाही हे कळायला मार्ग नाही, कारण आमच्याकडच्या चोरानंही तो आवाज ऐकून ही गाडी नको म्हटलं असणार.

टायरमध्ये पंक्चरचं जेल टाकून घ्या. विकणारा खिळा ठोकून दाखवतो, उपटून दाखवतो, हवा जात नाही. टाळ्या वाजवा. खिळा टायरच्या मधोमध, जाड रबरातच का ठोकला, हे विचारू नका. बाभळीचा काटा काही त्याचा पाहुणा नाही. तो टायरच्या बाजूनं शिरतो, तिथं जेल काही कामाचं नाही. आणि मग खरी गंमत सुरू होते. मागच्या चाकातच मोटर. चाक काढायचं तर मोटरच्या तीन जाड वायरी आणि सेन्सरची बारीक वायरींची जुडी आधी सोडावी लागते, आणि परत तशीच जोडावी लागते. फाट्यावरच्या पंक्चरवाल्यानं एकदा वाकून पाहिलं, जेलनं भरलेलं चाक पाहून हात पुसले आणि म्हणाला, “भाऊ, हे मी नाही खोलत. उद्या गाडी नाही चालली, तं तुमी माह्या नावानं बोंबलान.” त्याचं बरोबर होतं. त्या पूर्ण व्यवहारात खरं बोलणारा तो एकटाच भेटला.

आता रेंज, म्हणजे एका चार्जिंगमध्ये गाडी किती चालते ते. कागदावर लिहिलेली रेंज आणि रस्त्यावरची रेंज यांच्यामधल्या खड्ड्यात एक पूर्ण बाजार उभा आहे. आठवडी बाजारात एक जण चाकाला लावायचा डायनॅमो विकत होता. “चालता चालता चार्जिंग, साहेब, बोर्डाची गरजच नाही.” डायनॅमो फिरवायला जोर लागतो, तो जोर मोटर देते, मोटरला वीज बॅटरी देते, आणि डायनॅमो तीच वीज वाटेत थोडी सांडून बॅटरीला परत देतो. आठवीच्या विज्ञानात नापास झालेल्यालाही हे कळते. तरी दुपारपर्यंत त्याचा माल संपला होता. उतारावर आणि ब्रेकवर थोडी वीज परत मिळते ती गोष्ट वेगळी. ती सोय गाडीत असेल तर आधीपासून असते, तिच्यासाठी बाजारात जावं लागत नाही.

माझ्या साळ्याकडं 25 च्या स्पीडवाली, बिननंबरची गाडी आहे, ॲसिडच्या पाच बॅटऱ्यांची. 12 व्होल्टच्या पाच, ओळीनं जोडलेल्या, 60 व्होल्ट. त्यातली एक बसली. मेकॅनिक म्हणाला एकच बदला, पैसे वाचतील. वाचले. जुन्या चौघी लवकर भरायच्या, लवकर उतरायच्या, नवी त्यांच्यात ओढली गेली आणि पुढच्या पोळ्यापर्यंत ती पण म्हातारी झाली. मग त्याच मेकॅनिकनं दुसरं औषध काढलं: “लॉक काढून देतो, पन्नासनं पळन.” कंट्रोलरमधली एक वायर सोडली की झालं. पळाली खरी! वेग वाढला की हवेचा अडथळा त्याच्या वर्गानं वाढतो, म्हणजे चार्जिंग अर्ध्या रस्त्यात संपलं आणि मोटर तापून तिच्यातले सेन्सर गेले, हा तपशील. महत्त्वाचं म्हणजे 250 वॅटच्या आतली मोटर आणि 25 च्या आतला वेग, अशा अटींवरच त्या गाडीला नंबर, लायसन, काही लागत नाही. लॉक काढलं की ती बिनपासिंगची, बिनविम्याची मोटरसायकल झाली. साळा म्हणतो, “आपल्या गावात कोण पाह्यते?” बरोबर आहे. ॲक्सिडेंट होईपर्यंत कोणीच पाहत नाही.

स्पीकर, रंग बदलणारी पट्टी, हँडलच्या झालरी याबद्दल काही म्हणायचं नाही. हौसेला मोल नसते आणि ते निदान अंधारात दगा देत नाहीत.

अंधारावरून आठवलं. फॉग लाइट बसवा. जरूर बसवा. शोरूममध्येच बसवा, बाहेर नको, कारण शोरूमवाला स्वतः सांगतो की बाहेर बसवले तर वॉरंटी जाते.

आमच्याकडं शेतीच्या पंपाची लाईन कधी दिवसाच्या पाळीत, कधी रात्रीच्या. पाळी रात्रीची आली की हरभरा झोपत नाही आणि त्याचा मालकही झोपत नाही. पांदणीनं जायचं, दोन्हीकडं तूर डोक्याइतकी, मधूनच रानडुकरांचा कळप, रोही तर रस्ता आपल्या नावावर असल्यासारखे उभे. कंपनीचा हेडलाइट चार पावलं दाखवतो. म्हणून दोन लाइट घेतले. डब्यावर छापलेलं ‘120 वॅट’. फिटिंगला एक पोरगा आला. त्यानं पुढचं पॅनल खोललं, कंपनीच्या वायरी दातानं सोलल्या, पीळ मारला, काळी टेप गुंडाळली, झालं. माझी पोरगी बाजूला उभी राहून नव्या गाडीचा व्हिडिओ काढत होती. मी विचारलं, “फ्यूज नाही लावत काय गा?” तर म्हणाला, “काही गरज नाही काका, शंभर टक्के फिटिंग आहे.”

या गाड्यांत मोठी बॅटरी मोटरला चालवते आणि हेडलाइट, हॉर्न, इंडिकेटर यांच्यासाठी एक लहानसा कन्व्हर्टर तिचे व्होल्ट उतरवून 12 करतो. तो कंपनीच्या सामानापुरताच मोजून दिलेला असतो. 12 व्होल्टवर खरोखरचे 120 वॅट म्हणजे 10 अँपिअर. डब्यावरचं खोटं धरून निम्मे माना, तरी 5 अँपिअर त्या बिचाऱ्याच्या डोक्यावर नवे. फ्यूज नाही, रिले नाही. शोरूममधल्या माणसाला हे माहीत नसेल तर त्यानं गाड्या विकू नयेत, आणि माहीत असेल तर त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

व्हायचं तेच झालं. ओलित करून परत येताना नाल्याच्या उतारावर सगळं एकदम गेलं. फॉग गेले, हेडलाइट गेला, हॉर्न गेला. चार्जिंग निम्म्याच्या वर, मोटर चालू, आणि गाडी ठार आंधळी. पुढं तुरीत काहीतरी खसखसत होतं. मोबाइलचा टॉर्च दातात धरून गाडी ढकलत आणली. चिखलाची काळी माती मडगार्डात भरलेली, त्यामुळं चाकही फिरेना. आणि ही गाडी हलकी नसते हो, शोरूममध्ये ती स्टँडवर उभी असते म्हणून हलकी वाटते.

शोरूममध्ये नेली. इंजिनिअर म्हणवणाऱ्यानं पॅनल खोललं, टेप पाहिली आणि त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद झाला तो मी कधी विसरणार नाही. “भाऊ, वायर कापलेली आहे. बाहेरचं फिटिंग आहे. वॉरंटीत नाही बसत.”

“बाहेरचं? इथंच, या फरशीवर, तुमच्या पोट्ट्यानं बसवलं.”

“बिल असन ना तुमच्यापाशी?”

बिल! बिल म्हणजे लाल पेननं लिहिलेली अर्ध्या पानाची चिठ्ठी, ‘लाइट सेट, जमा’. ना शिक्का, ना नंबर, ना शोरूमचं नाव. गाडीचं बिल कसं चकाचक, 5 टक्के जीएसटी लावलेलं. त्याच टेबलवर, त्याच दिवशी, त्याच माणसानं घेतलेल्या लाइटच्या पैशाला मात्र चिठ्ठी. ती दाखवली तर म्हणाला, “हे अक्षर आमचं नाही. तो पोरगा आता काम सोडून गेला.” मालक आत एसीत बसलेला, काचेतून पाहत होता. मी पाहिलं तर त्यानं फोन कानाला लावला.

बस झाला उपरोध. मला आता सरळ बोलायचं आहे.

तुम्ही शेतकऱ्याला गाडी विकता तेव्हा त्याला भाऊ म्हणता, काका म्हणता, चहा पाजता. मग वायरीत चार रुपयांचा फ्यूज टाकायला हात का आखडतो? जो लाइट तुमच्या गाडीच्या कन्व्हर्टरला झेपत नाही तो तुम्ही तुमच्या शोकेसमध्ये ठेवता कशाला? डब्यावर 120 वॅट लिहायचं आणि आत काय भरलं आहे ते कोणालाच माहीत नसायचं, हा धंदा आहे की लूट? बाहेर बसवलं तर वॉरंटी जाते म्हणून भीती घालता, आत बसवलं तर बाहेरचं ठरवता. म्हणजे वॉरंटी कोणत्या जागी उभं राहिल्यावर मिळते ते तरी एकदा पाटीवर लिहा. रात्री पांदणीत माणसाचा हातपाय मोडला असता, तर त्याचंही अक्षर आमचं नाही म्हणाला असता काय?

आणि आपणही काही कमी नाही. बियाण्याची पिशवी घेताना आपण पक्कं बिल मागतो, लॉट नंबर पाहतो, टॅग सांभाळून ठेवतो, उगवलं नाही तर कृषी अधिकाऱ्याच्या दारात बसतो. आणि गाडीच्या मागं आठ-दहा हजारांचं सामान चिठ्ठीवर घेऊन येतो, कारण पक्कं बिल मागितलं तर जीएसटी लागन! वरून गावात सांगतो की स्वस्तात पडलं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित प्रथा आहे. जिल्हा आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि शोरूम कुठंही असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर फोन लावता येतो. यातलं एकही काम करायला वकील लागत नाही, दुसऱ्याच्या ओळखी लागत नाहीत. पण आपण चिठ्ठी खिशात ठेवून पारावर शिव्या देत बसतो, आणि पुढच्या महिन्यात त्याच शोरूममध्ये भाच्याला घेऊन जातो.

मी लावला फोन. कन्व्हर्टर माझ्या पैशानं बदलला, त्याचं पक्कं बिल घेतलं आहे. फॉग लाइट काढून डब्यासकट ठेवले आहेत. तक्रारीला जोडायला चिठ्ठी आहे, आणि पोरीनं काढलेला तो व्हिडिओ आहे: तुमचं शोरूम, तुमचा बॅनर, त्याच्याखाली तुमच्या नावाचा टी-शर्ट घातलेला तुमचा पोरगा दातानं वायर सोलतो आहे, आणि मागं काचेत तुम्ही स्वतः, फोन कानाला न लावता, स्पष्ट दिसता.