नेरळ-माथेरान पायी २१ किमी नाही हो

आपल्या नागपूरच्या सेमिनरी हिल्सच्या मॉर्निंग वॉकवाल्या ग्रुपवर परवापासून मेसेज फिरून राहिला, की नेरळ ते माथेरान पायी २१ किमी आहे अन् टॉय ट्रेनच्या रुळांवरून सरळ चालत जाता येते. दोन्ही चूक आहे. २१ किमी ही रेल्वेलाइनची लांबी आहे, १९०७ मधली ती छोटी लाइन, गाडीला एवढा चढ सरळ जमत नाही म्हणून डोंगराला वळसे घेत घेत वर जाते. घाटरोडनं दस्तुरी नाका साधारण ८-९ किमी, तिथं मोटारगाड्या थांबतात, अन् पुढं बाजारपेठ अडीच-तीन किमी, तो तुकडा झाडांच्या सावलीतला, लाल धुळीनं बूट पार रंगून जातात, मला तर तोच सगळ्यात आवडला.

रुळावरून चालणं कायद्यानं गुन्हा आहे, अन् एका बाजूला दरी, गाडी आली तर सरकाल कुठं? प्लीज हे फॉरवर्ड करू नका.

अंतर कमी निघालं म्हणून हलक्यातही घेऊ नका, नेरळ जवळपास समुद्रसपाटीलगत अन् माथेरान ८०० मीटरवर, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी दस्तुरीपर्यंत टॅक्सीच करा. नागपूरहून विदर्भ एक्सप्रेसनं कल्याणला उतरायचं, तिथून नेरळला कर्जत लोकल.